पहिला तीर सोडणारे हजरत साद

रमजानचा सतरावा दिवस हा बद्रच्या लढाईचा दिवस. हिजरी सन २, म्हणजे इसवी सन ६२४ चा मार्च महिना. रमजानचे रोजे फर्ज झाले तेही त्याच वर्षी, तेव्हा मुसलमानांचा तो रोज्यांचा पहिलाच महिना होता. मदिनेहून निघालेली तीनशेहून थोडी अधिक माणसे, सत्तरेक उंट आणि घोडे अवघे दोन. समोर मक्केहून आलेले सुमारे हजार जण. त्या सकाळी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्या माणसांना दिलेली एक सूचना हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. शत्रू जवळ येईपर्यंत तीर सोडायचे नाहीत, तीर राखून वापरायचे. तीर मोजकेच होते, आणि एकेक तीर हाताने तासलेला होता.

ही सूचना ज्यांच्यासाठी होती त्या तिरंदाजांत तिशीच्या आसपासचे हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) होते. तीर तासायचा कसा आणि राखायचा कसा हे त्यांना वेगळे सांगायची गरज नव्हती. मक्केत असताना तोच त्यांचा धंदा होता.

साद यांचा जन्म कुरैश टोळीतल्या बनू जुहरा या घराण्यात झाला. पैगंबरसाहेबांच्या आई आमिना याच घराण्यातल्या. त्या नात्याने साद हे पैगंबरसाहेबांचे मामा लागत, आणि पैगंबरसाहेब त्यांची ओळख चारचौघांत मोठ्या कौतुकाने आपला मामा अशीच करून देत. मामा भाच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान होता, ही त्यातली गंमत. आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांतही असे मामा असतातच.

तीर तासणे हे आज ऐकायला किरकोळ काम वाटते. पण काडी जराशी वाकडी राहिली, एका बाजूला जड झाली किंवा मागची पिसे कमीजास्त बसली, तर उत्तम धनुष्यातून सुटलेला तीरही भरकटतो. जो माणूस रोज तीर घडवतो त्याला धनुष्याचीही पारख होते. अरबस्तानात धनुष्यासाठी सगळ्यात नावाजलेले लाकूड नबअ या झाडाचे. जुने अरबी कोशकार सांगतात की तेच झाड डोंगरमाथ्यावर वाढले तर नबअ, उतारावर वाढले तर शिरयान आणि पायथ्याशी वाढले तर शौहत. माथ्यावरचे झाड वारा आणि तहान सोसून चिवट होते, म्हणून त्याची किंमत अधिक. अभ्यासक नबअला ग्रेविया या कुळातले झाड मानतात. आपली धामण त्याच कुळातली. तुमसर तालुक्यात चिखल्याच्या मॅंगनीज खाणीच्या आसपास राहणाऱ्यांना धामणीचे लाकूड समजावून सांगावे लागणार नाही. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जे जे वाकूनही मोडता कामा नये ते धामणीचे. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, आणि त्या नावात धनुष्य ऐकू येतेच.

लाकडी धनुष्याखेरीज दुसरा प्रकार होता तो जोडकामाच्या धनुष्याचा. मध्ये लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाची पट्टी आणि पुढच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे धागे सरसात भिजवून बसवलेले. दोरी ओढली की शिंग दाबले जाते आणि स्नायू ताणले जातात. दोन्ही आपापल्या जागी परत यायला धडपडतात, आणि तो सगळा जोर तिराला मिळतो. म्हणून हे धनुष्य आखूड असूनही, घोड्यावर बसून वापरता येण्याजोगे असूनही, लांब मारा करते. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळून बसते, आणि नवख्या माणसाला ते मोडले की काय असे वाटते. एकेक थर वाळायला इतका वेळ लागे की एक धनुष्य पुरे व्हायला कित्येक महिने, कधी वर्षभरही जाई. दमट हवेत सरस सैल पडण्याची भीती, म्हणून त्याला जिवापाड जपावे लागे. चौदाव्या शतकात मिस्र आणि शामवर मामलूकांचे राज्य असताना तैबुगा नावाच्या उस्तादाने तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथांत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट एकच, की धनुष्य माणसाच्या ताकदीला आणि हाताच्या लांबीला बेतलेले हवे. दुसऱ्याचे जड धनुष्य मिरवण्यासाठी ओढणारा माणूस नेम तर चुकवतोच, खांदाही गमावतो.

या धनुष्याची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात. अरबीत त्या टोकाला सिया म्हणतात, आणि हाताने अशी धनुष्ये घडवणारे जगभरचे कारागीर आजही तोच शब्द वापरतात. ऑलिंपिकमध्ये दिसणारे रिकर्व्ह धनुष्य याच घराण्यातले. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोत ज्या प्रकारात उतरला तो हाच. हिंदुस्थानात मोगलांच्या काळात या धनुष्याला कमान म्हणत आणि घडवणाऱ्याला कमानगर. बंदुकीने कमानगरांचा धंदा बुडवला, पण शब्द गेला नाही. मराठीत दाराला कमान असते, जुन्या घड्याळात कमान असते, आणि कमानगर, तीरगर अशी नावे अजून कानावर येतात.

दोरी ओढायची रीतही वेगळी. युरोपात ती तीन बोटांनी ओढतात. अरबी, तुर्की, इराणी ग्रंथांत ती अंगठ्याने ओढायला शिकवतात, आणि अंगठा सोलवटू नये म्हणून त्यात शिंगाची किंवा दगडाची अंगठी घालतात. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे अंगठाच का मागितला, याचे उत्तर यात कुठेतरी असावे.

त्या काळी माणसाचे आपल्या धनुष्याशी नाते असे. तलवारीला, घोड्याला नाव असे तसेच धनुष्यालाही. पैगंबरसाहेबांच्या धनुष्यांची नावे सीरतच्या ग्रंथांत आहेत. एक सफरा, म्हणजे पिवळी, नबअच्या लाकडाची. एक कतूम, म्हणजे गुपित राखणारी, कारण तीर सुटताना तिचा आवाज होत नसे. या कतूमचा शेवट पुढे उहुदच्या लढाईत येतो.

साद सतरा वर्षांचे असताना हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यामुळे इस्लामकडे वळले. तेव्हा मुसलमान बोटांवर मोजण्याइतके होते. आई हमना यांना हे सहन झाले नाही. मुलगा नवा धर्म सोडत नाही तोवर अन्नपाणी घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. मुलाचा आईवर अतोनात जीव, हे साऱ्या मक्केला माहीत होते, आणि आईलाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, त्या गळून गेल्या. साद त्यांच्याजवळ बसून जेवायची विनवणी करत राहिले, पण धर्म सोडायला तयार झाले नाहीत. आईला शंभर जीव असते आणि एकेक करून गेले असते तरी आपण मागे फिरलो नसतो, असे त्यांनी अखेर सांगितल्यावर हमना यांनी घास घेतला. कुराणातल्या सूरह लुकमानमधल्या आणि सूरह अनकबूतमधल्या आयती या प्रसंगाशी जोडल्या जातात. आईबापांनी अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्याला मानायला भाग पाडले तर ते ऐकू नये, पण जगाच्या व्यवहारात त्यांच्याशी चांगलेच वागावे, असा त्यांचा आशय. त्यातला पहिला भाग सांगणारे पुष्कळ भेटतात. साद यांनी उपाशी आईच्या उशाशी बसून दुसराही पाळला.

पुढे मक्केतली वर्षे छळाची गेली. एकदा शहराबाहेरच्या घळीत काहीजण लपून नमाज पढत असताना विरोधक येऊन भिडले, तेव्हा साद यांनी हाताला लागलेले उंटाच्या जबड्याचे हाड एकाच्या डोक्यात घातले. इस्लामच्या इतिहासात सांडलेले ते पहिले रक्त असे इब्ने इसहाक सांगतात. स्वभाव तापट होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही.

सन ६२२ मध्ये हिजरत झाली. मदिनेत आल्यावर साठ-ऐंशी जणांची एक तुकडी हजरत उबैदा बिन हारिस (रजि.) यांच्या हाताखाली राबिगच्या बाजूला गेली. तिथे कुरैशांचा मोठा जमाव समोर आला. तलवारी बाहेर निघाल्याच नाहीत, दोन्ही बाजू परतल्या. पण साद यांनी त्या दिवशी धनुष्य ओढले, आणि इस्लामच्या बाजूने सुटलेला पहिला तीर म्हणून त्याची नोंद झाली. साद यांना या गोष्टीचा आयुष्यभर अभिमान होता आणि ते तो बोलूनही दाखवत.

बद्रला त्यांच्याबरोबर धाकटा भाऊ उमैर होता, जेमतेम सोळा वर्षांचा. लहान म्हणून परत पाठवतील या भीतीने तो माणसांच्या आडून आडून चालत होता. पैगंबरसाहेबांनी त्याला पाहिले आणि परत जायला सांगितले, तेव्हा तो रडू लागला. अखेर परवानगी मिळाली. तलवार त्याच्या मानाने मोठी होती, तिचा पट्टा मोठ्या भावाने बांधून दिला. बद्रला मुसलमान जिंकले. तिथे पडलेल्या चौदा शहीदांत उमैर एक होता. साद एकटे परतले.

वर्षभराने, मार्च ६२५ मध्ये उहुदची लढाई झाली. ही लढाई तिरंदाजांमुळे हातची गेली. पन्नास तिरंदाज एका टेकडीवर ठेवले होते आणि काहीही झाले तरी जागा सोडायची नाही असा त्यांना हुकूम होता. शत्रू पळताना दिसला, लुटीचा माल दिसला, आणि बहुतेक जण खाली उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा मक्केच्या बाजूने होते. त्यांचे घोडेस्वार त्याच मोकळ्या बाजूने आत शिरले. पळापळ झाली. पैगंबरसाहेबांभोवती थोडेच जण उरले, त्यांत साद होते. पैगंबरसाहेब स्वतः तीर काढून त्यांच्या हातात देत होते आणि आपले आईबाप तुझ्यावरून ओवाळून टाकतो अशा अर्थाचे बोलत होते. आई आणि बाप दोघांचे नाव घेऊन असे त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलेले आपण ऐकले नाही, असे हजरत अली (रजि.) सांगत. अबू तल्हा यांनी त्या दिवशी इतका जोर लावला की त्यांची दोन-तीन धनुष्ये मोडली. कतूमही त्याच दिवशी गेली. पैगंबरसाहेबांनी तिच्यातून इतके तीर सोडले की तिचे वळलेले टोक, सिया, मोडले. तो मोडका अवशेष हजरत कतादा बिन नुअमान (रजि.) यांनी उचलून घेतला आणि आपल्याजवळ ठेवला. पैगंबरसाहेबांनी साद यांच्यासाठी दुआ केली होती, त्यांचा नेम अचूक राहो आणि त्यांची प्रार्थना कबूल होवो. या दुआमुळे लोक पुढे साद यांच्या तिराइतकेच त्यांच्या शापालाही घाबरत.

मक्केच्या प्रवासात एकदा ते इतके आजारी पडले की जगण्याची आशा सुटली. पैगंबरसाहेब भेटायला आले. साद यांना तेव्हा एकच मुलगी होती आणि मालमत्ता बरीच. दोन तृतीयांश दान करावी का, असे त्यांनी विचारले. नको, असे उत्तर आले. मग निम्मी? तीही नको. एक तृतीयांश? तेवढी चालेल, पण तीही पुष्कळच, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना पोटापुरते ठेवून जाणे चांगले. साद बरे झाले आणि त्यांना पुढे बरीच मुले झाली. आजारी माणसाच्या उशाशी झालेले ते बोलणे मात्र कायदा झाले. भारतात आजही मुस्लिम व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही.

खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी इराणी साम्राज्यासमोर जायला साद यांची निवड केली. सन ६३६ च्या सुमारास कादिसियाला गाठ पडली, समोर सेनापती रुस्तम. आणि नेमके तेव्हाच साद यांना कंबरेपासून पायापर्यंत वेदना आणि अंगावर गळवे. बसताही येईना. वाड्याच्या माथ्यावर पालथे पडून ते चिठ्ठ्यांवर हुकूम लिहीत आणि खाली टाकत. सैनिकांत कुजबूज सुरू झाली, टोमण्यांची कवने झाली, की बायका विधवा होताहेत आणि सेनापती वाड्यात सुरक्षित आहे. साद यांनी खाली येऊन लोकांना आपली गळवे दाखवली. अशी वेळ फार थोड्या सेनापतींवर आली असेल.

त्याच वाड्यात दारू प्यायल्याबद्दल बेड्या घातलेला अबू मिहजन नावाचा शूर कवी होता. लढाईचा आवाज ऐकून तो कासावीस झाला. त्याने साद यांच्या पत्नी सलमा यांना गळ घातली, संध्याकाळी परत येऊन स्वतःच्या पायात बेड्या घालीन असा शब्द दिला, आणि साद यांच्याच बल्का घोडीवर बसून बाहेर पडला. वरून पाहणाऱ्या साद यांना चाल आपल्या घोडीची वाटे, हात अबू मिहजनचा वाटे, पण तो तर खाली कैदेत. रात्री तो खरोखरच येऊन बेडीत बसला. साद यांना कळले तेव्हा त्यांनी त्याला सोडून दिले, आणि त्यानेही दारू सोडली.

कादिसियाच्या एका इराणी सैनिकाची आठवण इतिहासकार बलाजुरी यांनी नोंदवली आहे. अरबांचे बारीक तीर पाहून इराणी हसत आणि त्यांना सूत कातायच्या चात्या म्हणत. मग त्या चात्या चिलखत फोडून आत जाऊ लागल्या. तीर तासणाऱ्या माणसाच्या फौजेबद्दलची ही दाद शत्रूकडून आलेली आहे.

पुढच्या वर्षी साद यांची फौज दजला नदीत घोडे घालून मदाइन या राजधानीत शिरली. खुस्रोच्या दरबाराच्या प्रचंड विटांच्या कमानीखाली त्यांनी नमाज पढली. तिथे माणसांच्या आणि जनावरांच्या मूर्ती होत्या, त्या त्यांनी तशाच राहू दिल्या. इतिहासकार तबरी यांनी हे मुद्दाम लिहून ठेवले आहे. ती कमान बगदादजवळ अजून उभी आहे.

सन ६३८ मध्ये साद यांनी कूफा शहर वसवले. मशिदीची जागा ठरल्यावर तिथे एका ताकदवान तिरंदाजाला उभे केले आणि त्याला चारही दिशांना तीर मारायला सांगितले. तीर जिथे पडले त्यांच्या पलीकडे घरे आणि बाजार, अलीकडे मोकळी जागा. नगररचनेची ही पद्धत साद यांनाच सुचावी.

पण राज्यकारभार त्यांना तिरंदाजीइतका साधला नाही. बाजाराचा गोंगाट नको म्हणून त्यांनी आपल्या वाड्याला दरवाजा बसवला. हजरत उमर यांना कळताच त्यांनी मदिनेहून माणूस पाठवला. त्याने लाकडे विकत घेतली, दरवाजा जाळला, आणि वाटखर्चही न घेता तो परतला. साद यांनी मुकाट्याने पाहिले. मग कूफावाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. ते नमाजही नीट पढवत नाहीत, असा आरोप एवढ्या जुन्या सहाबीवर झाला. हजरत उमर यांनी त्यांना परत बोलावले आणि चौकशी केली. मरणापूर्वी मात्र, सन ६४४ मध्ये, नवा खलीफा निवडायला नेमलेल्या सहा जणांत त्यांनी साद यांचे नाव घातले, आणि त्यांना नालायकीमुळे किंवा बेइमानीमुळे काढले नव्हते असे स्पष्ट केले. खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांनी त्यांना पुन्हा कूफ्याला पाठवले. या वेळी खजिन्यातून घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीवरून वाद झाला आणि ती नेमणूकही सुटली.

सन ६५६ मध्ये हजरत उस्मान यांची हत्या झाली आणि मुसलमान मुसलमानांवर तलवार घेऊन उठले. जमल झाली, सिफ्फीन झाली. दोन्ही बाजूंना साद हवे होते. सहा जणांच्या त्या समितीतले ते, इराण जिंकणारे ते. त्यांचे नाव पुढे झाले असते तर हजारो माणसे मागे उभी राहिली असती. साद उंट-बकऱ्या घेऊन मदिनेबाहेर निघून गेले. लढायला बोलवायला आलेल्यांना ते सांगत की आपल्याला अशी तलवार आणून द्या जिला डोळे आणि जीभ आहे, जी हा मोमिन आणि हा काफिर असे ओळखून सांगेल, मग आपण येऊ. लोक यावर हसले असतील, चिडलेही असतील. अन्यायाच्या वेळी घरी बसणे हा पळपुटेपणा, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. पण धनुष्य ओढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सुटलेला तीर परत येत नाही हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार.

एक दिवस एक स्वार रानात येताना दिसला. साद यांनी त्याला लांबूनच ओळखले आणि या स्वाराच्या वाईटापासून अल्लाहने आपले रक्षण करावे, अशी दुआ केली. तो त्यांचाच मुलगा होता, उमर. लोक तिकडे सत्तेसाठी भांडत आहेत आणि तुम्ही इथे उंट-बकऱ्यांत बसला आहात, असे त्याने बापाला सुनावले. साद यांनी त्याच्या छातीवर हात मारून त्याला गप्प केले. अल्लाहला भिऊन वागणारा, निःस्पृह आणि लोकांच्या नजरेआड राहणारा माणूस अल्लाहला आवडतो, असे आपण पैगंबरसाहेबांकडून ऐकले आहे, एवढेच ते बोलले.

हिजरी ५५, म्हणजे सन ६७४-७५ च्या सुमारास मदिनेजवळ अकीकला त्यांचे निधन झाले. वय ऐंशीच्या घरात. ज्या दहा सहाबींना जन्नतची खूशखबर जिवंतपणीच मिळाली होती, त्यांत शेवटी गेलेले हे. त्यांनी एक जुना लोकरीचा जुब्बा मागवला होता. बद्रच्या दिवशी तो अंगावर होता, आणि याच दिवसासाठी तो जपून ठेवला होता. त्यातच कफन करावे, असे त्यांनी सांगितले. लोकांनी खांद्यावरून त्यांना मदिनेला आणले आणि जन्नतुल बकीमध्ये दफन केले. चीनमध्ये ग्वांगझूला त्यांची कबर दाखवतात आणि तिथले मुसलमान ती श्रद्धेने जपतात. इतिहासकार ते मान्य करत नाहीत.

पाचेक वर्षे गेली. कूफ्याच्या सुभेदाराने साद यांच्या मुलाला, त्याच उमरला, इराणमधल्या रय प्रांताचा कारभार देऊ केला, पण अट अशी की आधी इमाम हुसैन (रजि.) यांचा बंदोबस्त करायचा. त्याने एक रात्र विचारात काढली आणि होकार दिला. १० मोहरम ६१ हिजरी, ऑक्टोबर ६८० ची ती सकाळ. करबलाच्या मैदानात उमर बिन साद पुढे आला, त्याने तीर लावला, धनुष्य ओढले आणि हुसैन यांच्या छावणीवर सोडला. मग पहिला तीर आपणच सोडला याची सुभेदाराकडे साक्ष द्या, असे त्याने आपल्या माणसांना सांगितले.

रयचा कारभार त्याला मिळाला नाही. पाच-सहा वर्षांनी मुख्तारच्या माणसांनी त्याला कूफ्यातच मारले.